तीस मिलिव्होल्टांपासून तीन व्होल्टांपर्यंत

कारखान्यातल्या इंडक्शन मोटरीच्या बेअरिंगचे तापमान सतत नोंदवायचे, ते बिनतारी पद्धतीने पाठवायचे आणि त्यासाठी बॅटरी वापरायची नाही, असे काम माझ्याकडे आले होते. बॅटरी नको म्हणण्यामागे कारण होते. मोटरी उंचावर, कन्व्हेअरखाली, पाइपांच्या गर्दीत बसवलेल्या असतात, आणि सेन्सर लावणे एक वेळ सोपे, पण त्याचे सेल बदलायला कोणी फिरकत नाही. मोटर चालली की तिचे अंग कोमट होते, तिच्या अंगात आणि भोवतालच्या हवेत जो थोडा फरक पडतो त्यावरच सेन्सर चालवावा, असा विचार होता. मोटर बंद असताना तापमान मोजण्याची गरजही नसते, म्हणजे गरज आणि वीज एकाच वेळी उपलब्ध होतात, ही या कल्पनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

उष्णतेपासून वीज मिळवण्यासाठी मी बाजारात सहज मिळणारे टीईसी१-१२७०६ हे पेल्टिअर मॉड्यूल घेतले. चाळीस मिलिमीटर चौरस आकाराच्या या पातळ वडीत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ते थंड करण्यासाठी बनवलेले असले तरी उलट दिशेनेही चालते. दोन्ही बाजूंच्या तापमानात एक अंश फरक असेल तर त्याच्या तारांवर साधारण ५० मिलिव्होल्ट दिसतात. अंतर्गत रेझिस्टन्स सुमारे दोन ओहम. मोटरीचे अंग हवेपेक्षा बारा अंशांनी गरम असले, तरी ते बारा अंश मॉड्यूलच्या वाट्याला येत नाहीत, कारण उष्णतेला मॉड्यूलमधून निघून पुढे हीटसिंकवरून, म्हणजे धातूच्या पंखांच्या ठोकळ्यावरून, हवेत जायचे असते आणि खरा अडथळा तिथे असतो. लहान हीटसिंक स्थिर हवेत ठेवला तर त्याचा उष्णतारोध दर वॅटला सतरा-अठरा अंश, मॉड्यूलचा जेमतेम दोन. परिणामी बारांपैकी सव्वा अंश मॉड्यूलवर पडतो आणि हाती येतात ६० मिलिव्होल्ट, तेही काहीही न जोडता. दोन ओहमचा भार जोडला की ३०.

त्या तीस मिलिव्होल्टांत शक्ती किती, याचा हिशेब मी आधी मांडला. ६० मिलिव्होल्टांचा स्रोत आणि दोन ओहम यांतून जास्तीत जास्त ४५० मायक्रोवॅट मिळू शकतात. सेन्सर एकदा माहिती पाठवतो तेव्हा ३.३ व्होल्टांवर २० मिलिअँपिअर करंट दहा मिलिसेकंद घेतो, म्हणजे ०.६६ मिलिज्यूल. मिनिटाला एकदा पाठवले तर सरासरी अकरा मायक्रोवॅट, आणि झोपेत असतानाचे तीन मायक्रोअँपिअर धरले तर आणखी दहा. गरज एकवीस मायक्रोवॅटची आणि उपलब्धता साडेचारशेची; शक्ती भरपूर आहे, अडचण फक्त ती ज्या रूपात येते त्याची आहे.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बेसवर ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय हलत नाही. मॉसफेट या दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरला गेटवर, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या टोकावर, सहसा त्याहून अधिक लागतात. कमीत कमी किती व्होल्टेजवर सीमॉस, म्हणजे मॉसफेटच्या जोड्यांचे, सर्किट चालेल याचा अभ्यास स्वान्सन आणि माइंडल यांनी १९७२ मध्ये मांडला होता. त्यांच्या हिशेबाने खोलीच्या तापमानाला व्यवहारातली मर्यादा ०.२ व्होल्टांच्या आसपास येते. आपल्याकडे त्याचाही सहावा-सातवा भाग आहे. कमी व्होल्टेजचे जास्त करणारे बूस्ट कन्व्हर्टर हे सर्किट नवे नाही: कॉइलमधून करंट वाहू द्यायचा, मग स्विच एकदम उघडायचा, की कॉइल आपला करंट डायोडमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये लोटते. ३० मिलिव्होल्टांचे ३.३ व्होल्ट त्याने होतात, पण स्विच चालवायला आधी दोन-तीन व्होल्ट हवेत आणि ते देणारे सर्किट तर आपण अजून सुरूच केलेले नाही. एकदा चालू झालेले सर्किट स्वतःच्याच आउटपुटवर चालत राहू शकते. म्हणून माझ्या मते कमी व्होल्टेजच्या डिझाइनमध्ये खरे काम सुरुवातीचे आहे, आणि सुरू करणारे सर्किट व चालवणारे सर्किट ही दोन वेगळी सर्किटे आहेत असे मानूनच कागदावर पहिली रेघ ओढावी.

हा प्रश्न आधीच्या पिढीलाही पडला होता. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात रॉकेलच्या दिव्यावर बसवायचे औष्णिक जनित्र निघाले होते, त्यावर खेड्यांतले व्हॉल्व्हचे रेडिओ चालत. दिव्याच्या उष्णतेतून थोडेच व्होल्ट मिळत आणि व्हॉल्व्हला नव्वदच्या आसपास लागत. मधले काम व्हायब्रेटर करी, म्हणजे थरथरणारी यांत्रिक पट्टी. धातूला धातू टेकला की करंट वाहतो, त्यासाठी ०.६ व्होल्टांची अट नसते. नंतर, २०१० मध्ये, एमआयटीतील योगेश रामदास आणि अनंत चंद्रकासन यांनी ३५ मिलिव्होल्टांवर सुरू होणारे सर्किट मांडले, त्यातही पहिला धक्का देण्यासाठी हालचालीने आपोआप उघडझाप होणारा यांत्रिक स्विच होता. मोटर थरथरतेच, त्यामुळे हा मार्ग मला मोहात पाडत होता. पण धुळीच्या जागी वर्षानुवर्षे ठेवायच्या वस्तूत यांत्रिक संपर्क नको, असे ठरवून मी तो बाजूला ठेवला.

जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरने मी सुरुवात केली. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात जुन्या सामानाची दुकाने आहेत, तिथे एसी१२७ आणि एसी१२८ अजून मिळतात. जर्मेनियमचा बेस ०.२ व्होल्टांच्या पुढे-मागे जागा होतो, त्यामुळे ब्लॉकिंग ऑसिलेटर (ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर यांचे स्वतःच चालू-बंद होत राहणारे सर्किट) दीड-दोनशे मिलिव्होल्टांवर चालतो. हे सिलिकॉनपेक्षा पुष्कळ बरे असले तरी आपल्या तिसांपासून दूर आहे. शिवाय जर्मेनियमचा गळती-करंट तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, दर आठ-दहा अंशांना जवळपास दुप्पट. साठ अंशांच्या मोटरीला चिकटून बसणाऱ्या पेटीत त्याला जागा नाही. जुन्या ट्रान्झिस्टरबद्दल मला मनापासून आस्था आहे, पण इथे तो पर्याय संपला.

उपाय आहे तो मुळातच चालू असलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये. जेफेट हा तसा ट्रान्झिस्टर: त्याच्या गेटवर शून्य व्होल्ट असले तरी त्याचा मार्ग मोकळा असतो. बंद करायला उणे व्होल्टेज द्यावे लागते. त्यामुळे कितीही कमी व्होल्टेज असले तरी त्यातून करंट वाहतोच. प्रश्न राहतो तो तेवढ्या कमी व्होल्टेजवर तो सिग्नल वाढवू शकतो का, आणि याचे उत्तर एका ओळीत सांगता येते. ड्रेनवर, म्हणजे करंट आत येण्याच्या टोकावर, तीस मिलिव्होल्ट असताना जेफेट रेझिस्टरसारखा वागतो आणि त्याची व्होल्टेजवाढ साधारणपणे ड्रेन व्होल्टेज भागिले पिंच-ऑफ व्होल्टेज (जेफेट पूर्ण बंद करायला गेटला लागणारे व्होल्टेज) एवढी असते. पिंच-ऑफ अर्धा व्होल्ट असेल तर ही वाढ ०.०६. म्हणजे वाढ नव्हेच, सतरा पट घट. ऑसिलेटर टिकण्यासाठी ही घट कोणीतरी भरून काढली पाहिजे, आणि ते काम ट्रान्सफॉर्मर करतो: ड्रेनच्या बाजूला थोडे फेरे, गेटच्या बाजूला पुष्कळ. फेऱ्यांचे गुणोत्तर सतरापेक्षा जास्त असलेच पाहिजे, आणि तारेतली, कोरमधली व गेटच्या कपॅसिटन्समधली घट धरली तर त्याच्या तीन-चार पट. बाजारातल्या एलटीसी३१०८ या तयार आयसीबरोबर १:१०० चा ट्रान्सफॉर्मर का लावतात, हे मला या गणितातून नीट कळले. त्या आयसीच्या आतही असाच, शून्य गेट व्होल्टेजला चालू असणारा मॉसफेट आहे, त्याचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास आहे आणि तो वीस मिलिव्होल्टांपासून सुरू होतो. घाई असणाऱ्याने तोच घ्यावा. मला मात्र आतले समजून घ्यायचे होते आणि चालू अवस्थेतली कार्यक्षमता माझ्या मोटरीला जुळवून घ्यायची होती.

जेफेट निवडताना दोन आकडे पाहावे लागतात. पिंच-ऑफ कमी हवे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका होतो. आणि शून्य गेटला वाहणारा करंट जास्त हवा, म्हणजे रेझिस्टन्स कमी होतो. २एसके१७० हे जुने जपानी जेफेट दोन्ही बाबतींत चांगले, पण तोशिबाने ते बनवणे थांबवले आहे आणि त्या नावाने बनावट माल पुष्कळ फिरतो. म्हणून मी हाती आलेला प्रत्येक नग नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर आणि एका पोटेन्शिओमीटरवर मोजून घेतला आणि पिंच-ऑफ ०.४ व्होल्टांच्या जवळचे तेवढे ठेवले. अशा एका जेफेटचा रेझिस्टन्स वीस ओहमच्या घरात येतो, तो दोन ओहमच्या स्रोतापुढे फार आहे. सहा नग समांतर जोडले तेव्हा तो तीन-साडेतीन ओहमांवर आला.

ट्रान्सफॉर्मर मी झाकणाच्या फेराइट पॉट-कोरवर भरून घेतला. प्राथमिक दहा फेरे २४ गेजच्या तारेचे, आणि दुय्यम सहाशे फेरे ४४ गेजच्या तारेचे, म्हणजे जाडी ०.०८ मिलिमीटर. ट्रान्सफॉर्मर आणि रिले-कॉइल भरणाऱ्या एका अनुभवी कारागिरांकडे मी गेलो होतो. त्यांनी तार उजेडात धरून बोटांतून सरकवली आणि म्हणाले, "साहेब, ही तार ओढून भरायची नाही, सोडत-सोडत भरायची. ताण दिला की ती लांबते, तुटत नाही, आणि मग तुम्हाला वाटतं कॉइल चांगली आहे." त्यांनी दुय्यम वाइंडिंग थर-थर न लावता कोरच्या बॉबिनमध्ये दोन कप्पे करून भरले. थरांवर थर पडले की पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्यांत मोठा व्होल्टेज-फरक येतो आणि वाइंडिंगचा स्वतःचा कपॅसिटन्स वाढतो. कप्पे केल्याने तो बराच कमी होतो. दुय्यम बाजूचे इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या पुढे असल्याने शंभर पिकोफॅरडसुद्धा इथे मोठी गोष्ट आहे.

किती मोठी, ते ऑसिलोस्कोपने दाखवले. ऑसिलेटर सुरू होण्याच्या काठावर असताना गेटला एक-पट प्रोब (सिग्नल जसाच्या तसा नेणारा) टेकवला की लाट मरते, कारण त्या प्रोबचा आणि केबलचा मिळून शंभर पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स वाइंडिंगवर येतो. दहा-पट प्रोब (सिग्नल दहावा करून नेणारा) लावला तर लाट जिवंत राहते पण फ्रिक्वेन्सी सरकते. शेवटी मी सर्किटला हातच लावला नाही. दुसऱ्या एका कॉइलचे काही फेरे प्रोबच्या टोकाला जोडून ती कॉइल पॉट-कोरजवळ नुसती धरली आणि दहा ते पंधरा किलोहर्ट्झची स्वच्छ लाट पडद्यावर पाहिली. लाट अजिबात येत नसेल तर आधी दुय्यम वाइंडिंगच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. दिशा उलटी असेल तर गेटला मिळणारा प्रतिसाद ऑसिलेटरला दाबतो.

मिलिव्होल्टांच्या कामात जोडणीसुद्धा एक घटक असतो. मगर-क्लिपच्या स्वस्त तारेचा रेझिस्टन्स पाव-अर्धा ओहम सहज निघतो, आणि स्रोतच दोन ओहमचा असताना अशा दोन तारा लावल्या तर शक्तीचा मोठा हिस्सा टेबलावरच संपतो. ब्रेडबोर्डवर हे सर्किट करूच नये. मी मॉड्यूलच्या तारा शक्य तेवढ्या आखूड कापून थेट तांब्याच्या जाड पट्टीवर सोल्डर केल्या आणि मल्टिमीटरच्या तारा मॉड्यूलच्या मुळाशी वेगळ्या जोडल्या, म्हणजे करंटची वाट आणि मोजण्याची वाट वेगळी राहिली. इनपुटवर हजार मायक्रोफॅरडचा, कमी अंतर्गत रेझिस्टन्सचा कपॅसिटर लावला.

या मोजणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसली. मॉड्यूलला भार जोडताच व्होल्टेज ६० वरून एकदम ३१ वर येते, आणि मग पुढच्या अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू आणखी दोन-तीन मिलिव्होल्ट उतरते. तार गरम झाली नाही, बॅटरी उतरली नाही, तरी हे घडते. कारण वाहणारा करंट स्वतःच गरम बाजूची उष्णता थंड बाजूकडे वाहून नेतो आणि मॉड्यूलवरचा तापमानफरक कमी करतो. म्हणून अंतर्गत रेझिस्टन्स मोजताना लगेच घेतलेला आकडा आणि स्थिरावल्यावर घेतलेला आकडा वेगळे येतात. डिझाइन स्थिरावलेल्या आकड्यावर करावे. जेफेट मुळात चालू असल्यामुळे ऑसिलेटर सुरू होण्याआधीही तो करंट ओढत असतो, हेही विसरता येत नाही. 'इतक्या मिलिव्होल्टांना सुरू होते' असे म्हणताना व्होल्टेज भाराखाली मोजलेले आहे की मोकळे, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. माझे सर्किट भाराखालच्या अठ्ठावीस-तीस मिलिव्होल्टांवर सुरू होते.

दुय्यम बाजूला मिळालेले काही व्होल्ट शॉट्की डायोडच्या (कमी व्होल्टेज खाणाऱ्या) डबलरमधून, म्हणजे व्होल्टेज दुप्पट करणाऱ्या जोडणीतून, एका लहान कपॅसिटरमध्ये साठवले. त्यावर नॅनोअँपिअर वर्गातला एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा आयसी) चालतो आणि तोच मुख्य बूस्टचा ऑसिलेटर आहे. तो सुरू झाला की जेफेटच्या गेटला उणे एक व्होल्ट देऊन त्यांना बंद केले जाते, म्हणजे सुरुवातीचे सर्किट बाजूला होते.

मुख्य बूस्टची पहिली आखणी २२ मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर होती. सर्किटने स्रोताला दोन ओहमचा भार भासवावा (स्रोताएवढा भार असला तरच जास्तीत जास्त शक्ती मिळते) म्हणून फ्रिक्वेन्सी सदतीस किलोहर्ट्झच्या जवळ आली. मॉसफेट घेताना सवयीने आपण कमीत कमी रेझिस्टन्सचा शोधतो. पण पाच नॅनोकुलोंब गेट-चार्जचा (दर वेळी गेट भरायला लागणाऱ्या विद्युतभाराचा) मॉसफेट ३.३ व्होल्टांवर सदतीस हजार वेळा चालू-बंद करायला ६०० मायक्रोवॅट लागतात आणि आपल्याकडे एकूण साडेचारशेच आहेत! स्विच स्वतःच सगळी वीज खाऊन टाकील. म्हणून अर्ध्या नॅनोकुलोंबचा लहान मॉसफेट घेतला, कॉइल २२० मायक्रोहेन्रीची केली आणि फ्रिक्वेन्सी चार किलोहर्ट्झच्या खाली आणली. गेटचा खर्च सहा मायक्रोवॅटवर आला. कॉइल आकाराने वाढली, कारण तारेचा रेझिस्टन्स वाढू द्यायचा नव्हता. ती किंमत मी आनंदाने दिली.

डायोडबद्दल मात्र लोक उगाच फार काळजी करतात. इनपुट तीस मिलिव्होल्टांचे आणि डायोडवर पाव व्होल्ट जातो, हे ऐकून धक्का बसतो. पण डायोड ३.३ व्होल्टांच्या बाजूला आहे. तिथे पाव व्होल्ट म्हणजे सात टक्के. त्यासाठी दुसरा मॉसफेट आणि त्याची अचूक वेळ सांभाळणारे सर्किट जोडणे मला परवडणारे वाटले नाही. काळजी करायची ती उलट गळतीची: १एन५८१७ सारखा मोठा शॉट्की गरम पेटीत साठवलेली वीज मागे गळू देतो, म्हणून लहान सिग्नल-शॉट्की वापरला.

सर्वांत मोठी वाढ शेवटी सोल्डरिंग-आयर्नने नव्हे, पाना घेऊन मिळाली. हीटसिंक मी मोटरीच्या मागच्या पंख्याच्या झाकणाजवळ सरकवला, जिथे पंख्याची हवा अंगावरून पुढे जाते. हीटसिंकचा उष्णतारोध दर वॅटला आठ अंशांवर आला आणि मॉड्यूलवरचा फरक सव्वाचा दोन अंशांपुढे गेला; व्होल्टेज शंभर मिलिव्होल्टांच्या वर, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तिपटीच्या जवळ. हीटसिंक आवळणारे स्टीलचे स्क्रूही बदलले, कारण ते गरम बाजूची उष्णता मॉड्यूलला वळसा घालून थेट थंड बाजूला पोहोचवत होते. नायलॉनचे स्क्रू लावल्यावर आकडा आणखी थोडा सरकला. मोटरीच्या गोल अंगावर बसणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा तासून घेतला आणि थर्मल पेस्ट अगदी पातळ फासली.

शंभर मिलिव्होल्ट मिळाल्यावर तीसवर सुरू होण्याची गरज उरते का, असे मला विचारले गेले. उरते, कारण थंड मोटर सुरू झाल्यावर तिचे अंग तापायला वेळ लागतो, आणि हलक्या भारावर चालणारी मोटर हवेपेक्षा फारशी गरम होतच नाही. सर्किट जितक्या कमी व्होल्टेजवर जागे होईल तितकी पहिली नोंद लवकर येते. आता ४७० मायक्रोफॅरडचा साठवण-कपॅसिटर ३.३ व्होल्टांपर्यंत भरला की सेन्सर पहिला संदेश पाठवतो; ३.३ वरून अडीच व्होल्टांपर्यंत उतरताना त्या कपॅसिटरमधून एक मिलिज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा मिळते, ती एका संदेशाला पुरते. पुढचे काम दोन मॉड्यूल एकावर एक रचून पाहण्याचे आहे. हिशेबाने व्होल्टेज १.७ पट आणि शक्ती जवळपास दीडपट व्हायला हवी, मात्र स्रोताचा रेझिस्टन्स चार ओहम होईल, आणि त्याला जुळण्यासाठी मुख्य बूस्टचा स्विच चालू राहण्याचा वेळ पुन्हा ठरवावा लागेल.